एका क्रियापदाची चौकशी

नेतृत्व विकासाची योजना आमच्या संस्थेत आली तेव्हा मी सगळ्यात आधी एका खुर्चीची सोय केली. परिपत्रकात लिहिलं होतं की प्रत्येक अनुभवी अधिकाऱ्याजवळ एक तरुण उमेदवार वर्षभर बसेल, काम शिकेल आणि वर्षाअखेरीस स्वतः कक्ष चालवण्याच्या तयारीचा होईल. तो बसेल कुठे, हे लिहिलेलं नव्हतं. परिपत्रकांत अशा गोष्टी नसतात. मी कपाट सरकवलं, खिडकीखाली टेबल लावून घेतलं आणि फोन दोन्ही टेबलांवरून हाताला येईल असा मध्ये ठेवला.

'संशोधन प्रशासन' हा शब्दही या योजनेबरोबरच आला. तोवर वर्ध्यात आमच्या खोलीला सगळे 'प्रोजेक्टचं ऑफिस' म्हणत. डॉक्टर मंडळी संशोधन करत. त्यांना माणसं, गाडी, परवानग्या आणि कागद वेळेवर मिळावेत हे आम्ही बघत असू. तेव्हा, म्हणजे दोन हजारच्या आसपास, आमच्याकडचा मोठा प्रकल्प बाळंतपणात दगावणाऱ्या आया आणि बाळं यांच्यावर होता. हिंगणीकडची काही गावं होती, समुद्रपूरकडची काही. गावोगावी त्याच गावातली एक बाई नेमलेली असे. तिला आम्ही गावसेविका म्हणत असू. सायकल, पिशवी, बाळाचं वजन करायचा काटा आणि दर महिन्याची बैठक, एवढा तिचा आमच्याशी संबंध.

संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीने या प्रकल्पाला एक अट घातली होती. आपण लोकांच्या घरात शिरून माहिती घेतो, तर त्या घरातली बाई अडली की आपली गाडी गेली पाहिजे. माझ्या मते त्या जाडजूड फायलीत खऱ्या उपयोगाचं एवढंच होतं.

माझ्याकडे आलेली उमेदवार साताऱ्याकडची होती. पंचविशी नुकतीच ओलांडलेली, चटपटीत, अक्षर सुरेख. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. योजनेच्या भाषेत मी मेंटर, ती मेंटी. आमच्या ड्रायव्हरभाऊंना हा शब्द पहिल्या दिवसापासून आवडला.

"बाई, तुमची मेंढी आली का जी?"

"मेंढी नाही हो भाऊ, मेंटी," ती खुर्चीतूनच ओरडली.

"तेच तं म्हणून राह्यलो ना मी."

मी तिला याद्या करून दिल्या. समितीची बैठक लावताना कुणाला किती आधी कळवायचं. कोणते डॉक्टर कागद वाचून सही करतात आणि कोणते न वाचता, म्हणजे त्यांचा कागद आपणच दोनदा वाचायचा. मूल दगावलं तर काय करायचं, आई दगावली तर काय करायचं, अडली तर काय करायचं. तिने त्या याद्या पुठ्ठ्यावर डकवून फोनशेजारी लावल्या. पाहुणे आले की आमचे प्रमुख तो पुठ्ठा मुद्दाम दाखवत.

भाषेची यादी नव्हती. लागेल असं कुणाला वाटलंही नाही, कारण भाषा ती स्वतःच गोळा करत होती. 'मले', 'तुले', 'काऊन', 'पोट्टी' हे शब्द पहिल्या काही आठवड्यांत तिच्या तोंडी बसले. बैठकीला आलेल्या गावसेविकांना ती विचारायची, "काऊन वो, उशीर काऊन केला?" आणि बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. समुद्रपूरच्या पुढच्या एका गावची सेविका जरा फटकळ होती. ती म्हणाली, "म्याडम, तुम्ही आमची बोली बोलता तं असं वाटते का नवरीनं सासूचं लुगडं नेसलं." माझी मेंटी सगळ्यांत जास्त हसली. त्या दोघींचं त्या दिवसापासून चांगलं जमलं. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं ते वैरातून झालं नाही.

त्या दुपारी मी हिंगणीला होते. महिन्याची बैठक होती. मी सकाळी एसटीने गेले होते आणि परत येताना रजिस्टरांचे गठ्ठे आणायचे असल्याने गाडी दुपारी मला घ्यायला येणार होती. ऑफिसमध्ये मेंटी एकटी होती. योजनेप्रमाणे ते बरोबरच होतं. आठवड्यातला एक दिवस उमेदवाराने कक्ष एकट्याने सांभाळायचा, कुणाला न विचारता निर्णय घ्यायचे, असं योजनेच्या पुस्तिकेत होतं.

फोन त्या फटकळ सेविकेचा आला. गावात एकाच किराणा दुकानात फोन होता, तिथून तिने लावला. लाइन खराब होती. काय बोलणं झालं ते मी नंतर दोघींकडूनही ऐकलं. गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, दोघींनी सांगितलेले शब्द तंतोतंत सारखे होते.

"म्याडम, ते बाई मरून राह्यली जी!"

"अरे देवा! केव्हा?"

"आत्ताच, लेकरू झाल्यावर."

"बरं, बरं. तुम्ही तिथंच थांबा. पुढचं सगळं मी बघते."

"हो जी, लवकर पाहा," असं सेविका म्हणाली होती, पण तोवर लाइन तुटली होती.

विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी इथे थांबून सांगितलं पाहिजे. आमच्याकडे 'जेवून राह्यला' म्हणजे जेवतो आहे. 'येऊन राह्यली' म्हणजे वाटेत आहे, अजून पोचायची आहे. 'मरून राह्यली' म्हणजे मरते आहे, धावा. साताऱ्याकडच्या कानाला हेच शब्द 'मरून राहिली', मरून पडली, असे ऐकू येतात. 'मले' किंवा 'काऊन' परकं वाटतं, म्हणून माणूस विचारतो, शिकतो. 'राह्यली' परकं वाटत नाही. ते आपलंच वाटतं, म्हणून कुणी विचारत नाही.

तिने पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि आई दगावली तर काय करायचं ती यादी घेतली. ती तिने चोख पुरी केली. रजिस्टरला नोंद केली, प्रमुखांना कळवलं, मृत्यूच्या माहितीचा अर्ज भरला, घरच्यांना सावरायला वेळ देऊन मग कोण भेटायला जाईल ते ठरवलं. गाडी ठरल्याप्रमाणे हिंगणीला रवाना केली.

हिंगणीला गाडी आली तेव्हा ड्रायव्हरभाऊ गठ्ठे उचलता उचलता म्हणाले, "समुद्रपूरकडची एक बाई गेली म्हणते मेंढीबाई. लेकरू जितं हाय."

ऑफिसात आले तर टेबलावर सगळे कागद रांगेत मांडलेले होते. मेंटीचा चेहरा उतरला होता. पहिलाच मृत्यू तिच्या हाताखालून गेला होता. मी कागद पाहिले. एक ओळ इकडची तिकडे नव्हती. "सगळं नीट केलंस," मी म्हणाले. ती म्हणाली, "ताई, मला पाणी पिऊन येऊ द्या." ती बाहेर गेली आणि फोन वाजला. मी घेतला.

"बाई, गाडी कुठंवर आली?" सेविकेचा आवाज होता.

"कशाची गाडी?"

"आपली जी. म्याडमनं सांगतलं होतं ना, थांबा म्हणून."

मला कळायला वेळ लागला नाही. मी इथलीच आहे. मी एवढंच विचारलं, "ती बाई कशी आहे?"

पलीकडे दुकानातला तराजू वाजल्यासारखा आवाज आला, मग कुणीतरी धावत येऊन तिला काही सांगितल्याचा. मग ती म्हणाली, "आता नोका पाठवू. आता काई काम नाई."

नंतर कळलं ते असं. बाईचं रक्त थांबत नव्हतं. घरच्यांनी रस्त्यावरची एक काळीपिवळी जीप थांबवली होती. सेविका फोन करून धावत आली आणि तिनेच ती परत पाठवली. "ऑफिसची गाडी येऊन राह्यली. तिच्यात इंजेक्शन राह्यते, नर्स राह्यते. ह्या काळीपिवळीत नेऊन रस्त्यात काई झालं तं?" तिचं म्हणणं बरोबर होतं, गाडी निघाली असती तर. घरचे थांबले. ऊन उतरेपर्यंत थांबले. नेली असती तर वाचली असती का, हे डॉक्टरांनाही ठाम सांगता आलं नाही. पण ती वाट पाहत मेली, यात काही शंका नव्हती.

मेंटी पाणी पिऊन आली तेव्हा मी तिला उभ्याउभ्याच सांगितलं. अशी गोष्ट बसवून सांगितली काय, उभं ठेवून सांगितली काय. ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "पण ती म्हणाली मेली." मग स्वतःच तो शब्द दोनतीनदा पुटपुटली आणि तिला तो आतून उलगडत गेलेला मी तिच्या चेहऱ्यावर पाहिला.

दुसऱ्या दिवशी नीतिसमितीने खुलासा मागितला: गाडी का गेली नाही, आणि जबाबदार कोण? चौकशी आमच्या प्रमुखांकडे आली. कागद तयार करायचं काम माझ्याकडे. त्या दिवसापासून माझ्यासमोर एकच प्रश्न होता. ज्या बाईने वेळेवर, धावत जाऊन, बरोबर निरोप दिला तिचं काम टिकणार की नाही. तिच्या घरी कमावतं दुसरं कुणी नव्हतं. आणि ते टिकवणं एकाच माणसाच्या हातात होतं, माझ्या मेंटीच्या.

तिने पहिला जबाब माझ्यासमोर लिहिला. 'मी निरोप चुकीचा समजले. निरोप देणाऱ्या कार्यकर्तीची कोणतीही चूक नाही.' दोनच वाक्यं. मी वाचली आणि म्हटलं, "यात एक शब्द वाढवू नकोस." ती रात्रभर झोपली नव्हती हे दिसत होतं, पण हात स्थिर होता. त्या क्षणी मला वाटलं, ही पोरगी पुढे खरंच कक्ष चालवेल.

मी समुद्रपूरकडे गेले, दुकानदाराचा जबाब घ्यायला. त्याच्या आजोबांपासून त्या गावात दुकान होतं. फोन काउंटरवरच होता, त्याने सगळं ऐकलं होतं. मला बसायला पाट दिला, चहा सांगितला, आणि म्हणाला, "बाई, ते खरं बोलली. मरून राह्यली म्हणे, गाडी मांगे. म्या ऐकलं."

"एवढंच लिहून द्या."

"लिहून कायले? ज्याची सून मेली तो माह्या रोजचा गिऱ्हाईक. त्याचं म्हणणं का हिनंच गाडी परत लावली, हिनंच मारली. म्या हिच्या बाजूनं लिहिलं तं तो उद्यापासून समोरच्या दुकानात. मले काऊन मधात ओढता? तुमच्या ऑफिसची गोष्ट, ऑफिसात मिटवा."

समोरच्या दुकानात मी पाहिलं. तिथेही दोन माणसं आमच्याकडेच बघत होती. चहा घेतला आणि निघाले.

प्रमुखांसमोर मी ड्रायव्हरभाऊंना उभं केलं. कारण चौकशी सुरू झाल्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली होती. मेंटी नवीन असताना त्यांनी तिला निरोप दिला होता, 'गाडी धुऊन राह्यलो.' ती पर्स घेऊन खाली आली, तर ते बादली घेऊन अजून टपच पुसत होते. त्यांना वाटलं बाई घाईची आहे. तिला वाटलं भाऊ थापा मारतात. मी प्रमुखांना म्हटलं, "सर, हा शब्दाचा घोळ आहे. निरोप स्पष्ट होता. तो या जिल्ह्यातल्या कुठल्याही माणसाला कळला असता."

प्रमुख सभ्य गृहस्थ होते. आवाज कधी चढत नसे. ते म्हणाले, "म्हणजे उमेदवाराच्या प्रशिक्षणात त्रुटी राहिली, असं लिहायचं?"

"लिहा."

"मेंटर तुम्ही होतात."

"माझं नाव घाला."

त्यांनी पेनचं टोपण लावलं. "मॅडम, तुमचं नाव घातलं की योजनेचं नाव येतं. पुढच्या महिन्यात योजनेची मंडळी पाहणीला येणार आहेत. तिला त्यांच्यासमोर उभं करायचं आहे. ती आपली सर्वोत्तम उमेदवार आहे. शांतपणे विचार करा."

मी शांतपणे विचार केला आणि माझं मत वेगळ्या कागदावर लिहून दिलं. त्यांनी ते घेतलं, पोच दिली, फायलीला लावलं. आमच्याकडे कागद गाडायचा असेल तर तो फाडत नाहीत, फायलीला लावतात.

मग त्यांनी मेंटीला एकटीला बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा मी विचारलं नाही. आमची महिन्याची मार्गदर्शनाची बैठक त्याच संध्याकाळी ठरलेली होती. ती वेळेवर आली, वही उघडली आणि म्हणाली, "ताई, माझा जबाब मला परत हवाय."

"का?"

"भाषा नीट करायची आहे."

"दोन वाक्यांची?"

ती वहीकडे बघत राहिली. "सर म्हणाले, मी हे लिहिलं तर प्रकल्प बंद होऊ शकतो. मग सगळ्याच गावसेविकांचं काम जाईल. सगळ्या गावांची गाडीही जाईल. एकीसाठी बाकीच्या सगळ्या..."

"हा हिशोब त्यांनी केला की तू?"

"आधी त्यांनी केला. मग मी तपासला. चूक सापडली नाही." मग मान वर केली. "आणि तुम्हीच शिकवलंत ना, तिसऱ्या सत्रात? नेतृत्व करणाऱ्याने स्वतःच्या मनाच्या समाधानाआधी संस्थेचा विचार करावा."

"ते पुस्तिकेत होतं. मी वाचून दाखवलं."

"मी लिहून घेतलं," ती म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता. ती खरोखरच लिहून घेत असे. मी तिला म्हटलं, "प्रकल्प बंद होईल हे 'शकतो'मध्ये आहे. त्या बाईचं काम जाईल हे नक्की आहे. नक्की गोष्ट आधी बघायची असते." ती म्हणाली, "हो ताई." मग जबाब घेऊन गेली.

नवा जबाब एक पान भरून होता. त्यात 'क्षेत्रीय कार्यकर्तीकडून प्राप्त निरोप संदिग्ध स्वरूपाचा होता' असं वाक्य होतं. खाली तिची सुरेख सही. समितीने तो मान्य केला. गावसेविकेला कामावरून कमी करण्यात आलं. पर्यायी वाहन परत पाठवल्याचा ठपका वेगळा. प्रकल्प चालू राहिला. तो बंद होणार होता का, हे आता कुणीच सांगू शकत नाही. पाहणीची मंडळी आली, मेंटीने पुठ्ठ्यासमोर उभं राहून उत्तम सादरीकरण केलं. वर्ष संपल्यावर ती दुसऱ्या शहरात मोठ्या जागी गेली. आजही ती कामात चोख आहे असं ऐकते, आणि ते खरंच असेल.

आमच्याकडे एक परिपत्रक निघालं: यापुढे सर्व निरोप प्रमाण मराठीत द्यावेत. गावसेविकांच्या बैठकीत मी ते वाचून दाखवलं. कुणी हसलं नाही. त्यानंतर फोन कमी झाले. बाया म्हणायच्या, आम्हाला तसं बोलता येत नाही, उगाच चुकलं तर. त्या मुलांना पाठवून चिठ्ठी एसटीच्या कंडक्टरकडे देऊ लागल्या. चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशी पोचत. वार्षिक अहवालात अडलेल्या बाळंतिणींचे फोन घटले, ही गोष्ट सुधारणा म्हणून नोंदवली गेली. मी तिथे खूण केली आणि दुरुस्ती सुचवली. तीही फायलीला लागली.

सेविकेकडचं सामान परत आणायचं होतं. ते काम खरं तर शिपायाचं, पण शिपाई जायला तयार नव्हता. मी गेले. गाडी ड्रायव्हरभाऊंनी काढली.

तिचं घर गावाच्या कडेला होतं. आम्ही पोचलो तेव्हा ती दोन हंडे घेऊन लांबून येत होती. हातपंप तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता, पण तो मेलेल्या बाईच्या सासरच्यांच्या दारात होता. तिथे आता तिला कुणी पाणी भरू देत नव्हतं. मी काही विचारण्याआधी तिनेच सांगितलं. "तिकडच्या विहिरीवरून आणतो जी. पाय बरे राह्यते." हंडे ठेवले आणि म्हणाली, "सायकल न्याले आल्या ना? पुसून ठेवली हाय."

सायकल, पिशवी, वजनाचा काटा, कात्रीची डबी. मी एकेक वस्तू यादीशी ताडून बाजूला ठेवली. ड्रायव्हरभाऊ सायकल टपावर चढवून दोरी बांधू लागले. ती दाराच्या चौकटीला टेकून पाहत होती.

"म्याडम कशा हायत?" तिने विचारलं.

"बऱ्या आहेत."

"त्यायले म्हणा, माह्या मनात काई नाई." मग लगेच म्हणाली, "नाई, नोका म्हणू. हाय मनात."

मी यादीचा कागद पुढे केला. तिने पेन घेतलं, पण सही केली नाही.

"बाई, एक सांगा. मरून राह्यली, याले तुमच्या ऑफिसच्या बोलीत काय म्हणते?"

"मरते आहे."

"मरते आहे." तिने म्हणून पाहिलं. "असं म्हटलं असतं तं आली असती गाडी?"

मी गाडीकडे पाहिलं नाही. "आली असती," मी म्हणाले.

ती ओठांतल्या ओठांत ते दोन शब्द पुन्हा म्हणाली, मग मोठ्याने, मग आणखी एकदा, शाळेत पाठ करून घेतात तसे. उच्चार अगदी बरोबर होता. मग तिने कागद मांडीवर घेऊन सही केली, आणि मी माझी प्रत घडी घालून पर्समध्ये ठेवली.